हात आणि हिकायत : बालशिक्षणात गोष्ट व खेळ एकत्र कसे आले

इमाम गज़ाली (१०५८-११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात मुलांच्या संगोपनाविषयी विस्ताराने लिहिले आहे. मुलाने मकतबात कुरआन शिकावे आणि त्याबरोबर सज्जनांच्या हिकायती ऐकाव्यात, म्हणजे चांगल्या माणसांविषयीचे प्रेम त्याच्या मनात लहानपणीच रुजते, असे ते सांगतात. त्याच विवेचनात पुढे दुसरी सूचना येते. मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे. खेळ बंद करून त्याला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि अभ्यासातून सुटका करून घेण्याच्या युक्त्या तो शोधू लागतो. ज्यांनी लहान मुलांचा वर्ग घेतला आहे त्यांना यातील शेवटचे वाक्य पटवून द्यावे लागणार नाही.

नऊशे वर्षांपूर्वी खेळाची एवढी स्पष्ट बाजू घेणारा हा विचार मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक परंपरेत असूनही त्याची चर्चा फारशी होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तथापि त्यात एक विभागणी आहे, तिच्याकडेही लक्ष दिले पाहिजे. हिकायत मकतबाच्या आत आहे आणि खेळ मकतबाच्या बाहेर. गोष्ट हा शिक्षणाचा भाग, तर खेळ हा शिक्षणानंतरचा विसावा. गोष्ट ऐकणारे मूल आणि हाताने काही करणारे मूल हे एकाच तासातले, एकाच जागेवरचे मूल असू शकते, हा विचार वर्गात येण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. पश्चिम भारतात तो ज्या मार्गाने आला त्या मार्गावर वडोदरा आहे, भावनगर आहे, बोर्डी व कोसबाड आहे. आणि उत्तरेकडे दिल्लीच्या जामियामध्ये त्याची एक समांतर वाट आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटांचा मागोवा घेतला आहे.

मकतब, धूळपाटी आणि तख्ती

जुन्या मकतबात हाताला काम नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे मूल बिस्मिल्लाहखानीच्या समारंभानंतर मकतबात बसू लागे. पुढे त्याच्या हाती लाकडी तख्ती येई. ती धुवायची, तिच्यावर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, उन्हात वाळवायची, मग बोरूने अक्षर काढायचे. पुसायचे आणि पुन्हा तेच. या साऱ्या खटाटोपात मुलाचे मनगट, बोटे व डोळा तयार होत असत. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. पाटीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचे. खरबरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवण्याचे साधन मॉण्टेसरी पद्धतीत फार नावाजले गेले. धूळपाटी त्याची लांबची थोरली बहीणच म्हणावी लागेल. फरक एवढाच की धूळपाटीबरोबर छडी होती, आणि मुलाने ते अक्षर केव्हा व किती वेळ गिरवावे हे मूल ठरवत नसे.

गोष्टींचा साठा तर अफाट होता. संस्कृतातले ‘पंचतंत्र’ पहलवीत गेले, तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले आणि ते साऱ्या मुस्लिम जगात वाचले गेले. मुल्ला नसरुद्दीन, शेख सादी यांच्या हिकायती, पैगंबरांचे किस्से हे दक्षिणेतल्या घराघरांत दादी-नानीच्या तोंडून उतरत आले. पण नानीची गोष्ट रात्री अंथरुणावर आणि तख्ती सकाळी मकतबात. दोन्ही असूनही त्यांची गाठ पडत नव्हती.

युरोपातला वाद

युरोपातही ही गाठ सहज पडलेली नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. लाकडी चेंडू, घन, नळकांडी अशा साधनांचे संच त्यांनी तयार केले आणि १८४४ मध्ये आई-मुलांसाठी हावभावांच्या गाण्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. बोटे हलवत गाणे म्हणायचे, ही त्यांची कल्पना. मात्र फ्रोबेल यांच्या अनुयायांच्या हाती साधनांचे रूपांतर कवायतीत झाले. प्रशियाच्या सरकारने तर १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदीच घातली, ती १८६० मध्ये उठली.

डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने, स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करीत शिकावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार. दहा गुलाबी घनांचा मनोरा घ्या. सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. क्रम चुकला की मनोराच सांगतो, शिक्षिकेला बोलावे लागत नाही. हाताच्या शिक्षणाला एवढे शास्त्रशुद्ध रूप त्याआधी कोणी दिले नव्हते.

परीकथांविषयी मात्र मॉण्टेसरी साशंक होत्या. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कल्पनाशक्तीवर लिहिले आहे. कल्पनेला वास्तवाचा पाया हवा. मोठ्यांनी रचलेल्या अद्भुत गोष्टींवर लहान मुलाने विश्वास ठेवणे म्हणजे कल्पनाशक्ती नव्हे, तो भोळेपणा आहे, असा त्यांचा रोख आहे. काठीला घोडा समजून दौडणाऱ्या मुलाचे उदाहरणही त्या देतात. त्या मुलाजवळ खरा घोडा नाही म्हणून तो काठीवर बसतो, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद एकदम झटकून टाकण्यासारखा नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगून मुलांना गप्प बसवणाऱ्या घरांना तो आजही ऐकवावा असा आहे. परंतु काठीच्या घोड्यात मॉण्टेसरींना फक्त उणीव दिसली. मुलाच्या हातातली वस्तू आणि मनातली गोष्ट तेथे एक होत आहेत, हे त्यांच्या नजरेतून निसटले, असे म्हणावे लागते.

भावनगरची दुरुस्ती

ती दुरुस्ती सौराष्ट्रात झाली. गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे पेशाने वकील. तरुणपणी ते काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आले होते. १९१३ मध्ये मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने ते बालशिक्षणाकडे वळले. या वळणावर बडोदा संस्थानाचा संबंध येतो. संस्थानातील वाचनालय चळवळीचे प्रवर्तक मोतीभाई अमीन यांच्याकडून वसो या गावी त्यांना मॉण्टेसरी पद्धतीवरचे पुस्तक मिळाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच संस्थानात उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांच्या जाळ्याने बालशिक्षणाला एक वकील मिळवून दिला, हे तितकेसे कोणी सांगत नाही.

गिजुभाई १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मॉण्टेसरींची साधने त्यांनी घेतली, स्वातंत्र्य व स्वयंशिक्षण ही तत्त्वे घेतली. पण गोष्ट सोडली नाही. उलट गाणे, नाट्य, लोककथा यांना त्यांनी बालमंदिराच्या दिनक्रमात मानाचे स्थान दिले आणि गोष्ट निवडावी कशी, सांगावी कशी यावर ‘वार्तानुं शास्त्र’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोठ्या मिशांच्या या माणसाला लोक ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

त्यांच्या ‘दिवास्वप्न’ (१९३२) या पुस्तकातील आरंभीचा प्रसंग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. एक शिक्षक प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मॉण्टेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि त्याची पुरती फजिती होते. मुले हसतात, आवाज काढतात, वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो राजा-राणीची गोष्ट सुरू करतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. पुढे गोष्टीतून पुस्तकांची ओढ लागते, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय होते, गोष्टींची नाटके होतात, खेळ सुरू होतात, हातपाय-नखांच्या स्वच्छतेची तपासणीही त्याच ओघात येते. ‘दिवास्वप्न’ हा प्रत्यक्ष वर्गाचा अहवाल नसून कल्पित कथा आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवायला हवे. वर्षअखेर सारे काही जमून येते ते कादंबरीत. पण लेखकाच्या मागे बारा वर्षांचा बालमंदिराचा अनुभव होता, आणि परदेशी पद्धतीचा एक खेळ फसल्यावर त्याने गोष्टीचा आधार घ्यावा, हे त्या अनुभवाचे सूचक आहे. शांतता हा इंद्रियशिक्षणाचा खेळ म्हणून आला तेव्हा मुलांना परका वाटला. गोष्टीत पुढे काय झाले हे कळावे म्हणून तीच शांतता मुलांनी स्वतः पाळली.

ताराबाई : महाग साधनांकडून शंख-शिंपल्यांकडे

भावनगरच्या प्रयोगाला मराठी भाषकांशी जोडणारा दुवा म्हणजे ताराबाई मोडक (१८९२-१९७३). मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’तून हे विचार गुजरातीबरोबर मराठीतही येऊ लागले. पुढे मुंबईत येऊन त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले.

येथवरचा प्रवास सुशिक्षित मध्यमवर्गाचा आहे. बालमंदिराची फी व साधनांची किंमत गरिबाला परवडणारी नव्हती. ताराबाईंना ही मर्यादा खटकत होती. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. बालवैधव्याशी झुंजून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून वस्तीतली मुले येत नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

साधनांचे रूपही बदलले. आयात ठोकळ्यांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांनी घेतली. केवळ काटकसर म्हणून याकडे पाहिले जाते, ते अपुरे आहे. गुलाबी घनाला त्याच्या मापापलीकडे ओळख नाही, आणि मॉण्टेसरींना ते तसेच हवे होते. मुलाचे लक्ष एकाच गुणावर राहावे म्हणून. शिंपल्याला ओळख आहे. तो काल संध्याकाळी किनाऱ्यावर सापडलेला असतो, त्यात कोण राहत होते हा प्रश्न त्याच्याबरोबरच येतो. मोजण्यासाठी दिलेली वस्तू गोष्ट मागू लागते. साधने स्थानिक झाली आणि हात व हिकायत यांतील भिंत आपोआप पातळ झाली. याचा तोटाही आहे, तो मान्य केला पाहिजे: शिंपल्यांचा क्रम चुकला तर मनोऱ्यासारखी चूक आपसूक दिसत नाही. म्हणजे शिक्षिकेचे काम वाढते. तिला पाहावे लागते, बोलावे लागते.

आणि बोलणे आले की भाषेचा प्रश्न आला. ठोकळ्याला भाषा लागत नाही. रोमच्या मुलाने रचलेला मनोरा भावनगरच्या मुलालाही तसाच रचता येतो. गोष्ट मात्र मुलाच्या घरच्या बोलीतच पोचते. ताराबाई स्वतः मराठी असून गुजराती मुलांत वावरल्या होत्या. कोसबाडला प्रमाण मराठी आणि वारली बोली यांतले अंतर पुन्हा समोर उभे राहिले. हाताचे काम कोणत्याही वर्गात उचलून ठेवता येते, गोष्टीची मात्र त्या त्या वस्तीत नव्याने पेरणी करावी लागते. बालशिक्षणाच्या प्रसारात साधने पुढे आणि गोष्टी मागे का राहिल्या, याचे एक मोठे कारण येथे सापडते. साधनांची पेटी विकत मिळते.

जामियाची वाट

मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक इतिहासात या प्रश्नाला भिडलेली संस्था म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला स्थापन झालेली ही संस्था १९२५ मध्ये दिल्लीला आली. बर्लिनमध्ये शिकत असताना डॉ. झाकिर हुसैन, आबिद हुसैन व मुहम्मद मुजीब यांची गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्या जामियात आल्या आणि लहान मुलांच्या विभागाचे काम पाहू लागल्या. मुले त्यांना ‘आपाजान’ म्हणत. महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. १९४३ मध्ये त्या वारल्या. जामियाच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या उस्तादांनी मुलांकडून मुलांची बँक चालवून घेतली, दुकान चालवून घेतले. हिशेब पुस्तकात नव्हता, गल्ल्यात होता. त्याच वेळी १९२६ पासून ‘पयामे तालीम’ हे मुलांचे मासिक जामियातून निघत होते. हैदराबादेत जन्मलेले झाकिर हुसैन (१८९७-१९६९) हे १९३७च्या वर्धा परिषदेनंतर नेमलेल्या मूलोद्योग शिक्षण समितीचे अध्यक्ष म्हणून ओळखले जातात. त्या योजनेत सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी हस्तोद्योग केंद्रस्थानी होता. टकळी आली, पण गोष्टीला तसे मानाचे पान मिळाले नाही. मात्र याच झाकिर हुसैन यांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, त्याही रुकय्या रेहाना या आपल्या मुलीच्या नावाने. त्यांतली ‘अब्बू खान की बकरी’ प्रसिद्ध आहे. फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांच्या कथेवरून घेतलेली ही गोष्ट त्यांनी अल्मोड्याच्या डोंगरात आणून ठेवली. चांदणी नावाची शेळी दोर तोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजून पहाटे मरते. शेवटी झाडावरचे पक्षी कोण जिंकले याची चर्चा करतात. बहुतेकांच्या मते लांडगा, एक म्हातारा पक्षी मात्र चांदणी जिंकली म्हणतो. गज़ालींच्या हिकायतीत सज्जनाचे उदाहरण समोर ठेवलेले असते. येथे निकालच वादाला टाकला आहे. मुलांना बाजू घ्यावी लागते, आणि लहान मुले बाजू घेतात ती अंगाने घेतात. कोणी शेळी होते, कोणी लांडगा.

मूलोद्योग योजना देशभर अमलात आली ती समितीच्या अहवालाच्या आधाराने. झाकिर हुसैन यांच्या गोष्टी त्या अहवालाबरोबर प्रवास करू शकल्या नाहीत. टकळी तालुक्याच्या शाळेत पोचली, चांदणी पोचली नाही. मूलोद्योग पुढे रटाळ झाल्याची तक्रार सर्वत्र झाली, तिच्या मुळाशी अनेक कारणे आहेत. त्यांपैकी हेही एक मानायला जागा आहे.

पेटीतले आणि पेटीबाहेरचे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ नावाचा संच जाहीर झाला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रे व गोष्टींची पुस्तके आहेत. हे साहित्य १३ भारतीय भाषांत असल्याचे सांगण्यात आले. हात आणि गोष्ट एकाच पेटीत ठेवणारी ही सरकारी योजना भावनगर व बोर्डीच्या परंपरेतलीच आहे.

बेळगाव, हैदराबाद या भागांतील बहुसंख्य मुस्लिम मुले घरी दखनी बोलतात. जनगणनेत दखनी उर्दूखाली मोजली जाते. शाळेत त्या मुलाला कधी मराठी, कधी कन्नड, कधी तेलुगू, तर कधी पुस्तकी उर्दू मिळते. बाहुली त्याच्या हातात पहिल्याच दिवशी बसते. बाहुलीने बोलायचे कोणत्या भाषेत, हे पेटीत लिहिलेले नाही. नानीच्या दखनी गोष्टींचे संकलन हे काम समाजाच्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे, कारण त्यांच्या विद्यार्थिनी त्याच घरांतून येतात. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणात साधननिर्मितीचे प्रात्यक्षिक असते. त्याच वहीत, साधनाच्या शेजारी, घरात ऐकलेली एक गोष्ट घरच्याच बोलीत उतरवून घेतली तर दरवर्षी प्रत्येक तुकडीमागे तितक्या गोष्टी जमा होतील. आणि त्या सांगणाऱ्या नान्या अजून बऱ्याच घरांत हयात आहेत.